आवाज थांबला की

आवाज थांबला होता आणि तिचा हात चालूच होता. तिला हे कळलं ते पडद्यावरच्या हिरव्या आकड्यामुळे. हुक जमिनीपासून किती वर आहे ते सांगणारा तो आकडा उतरत होता, संथपणे, शहाण्या मुलासारखा, आणि तिच्या कानात मात्र काहीच नव्हतं. म्हणजे होतं. ‘खाली, खाली, खाली, खाली’ असं खालचा सिग्नलवाला पोपट म्हणत होता, त्याच्या नेहमीच्या लयीत, शेवटचा ‘ली’ जरासा ओढून. पण तो पोपट वॉकीटॉकीतला नव्हता, तिच्या डोक्यातला होता. तिने क्रेनचा दांडा सोडला. केबिन किंचित झुलली, मग स्थिर झाली. भिंतीच्या पलीकडे, तिला न दिसणाऱ्या जागी सळ्यांचा भारा तारेला लोंबकळत थांबला असणार. तो कुठे थांबला, कुणाच्या डोक्यावर थांबला, काही कळायला मार्ग नव्हता. मग खरखर झाली.

“ताई, ऐकू येतंय का? अगं ऐकू येतंय का?”

“येतंय.”

“बॅटरी हलली होती मेली. दोन चापट्या दिल्या तेव्हा शुद्धीवर आली. मी आपला खाली मान घालून हिलाच बडवतोय. थांबलीस ना तू?”

“थांबले.”

“तू वर असलीस की मला घोर नाही. चल. खाली, खाली, खाली, हळू, हळू, हळू, टेकलं! कापसासारखं टेकवलंस बघ.”

थांबले हे खोटं नव्हतं. ती थांबलीच होती. केव्हा थांबली, ते त्याने विचारलं नव्हतं इतकंच. तिने हुक वर घेतला, आणि मोकळा हुक सरसर वर येताना बघून तिच्या तळहातांना घाम फुटला. नवल म्हणजे तो आत्ता फुटला. मघाशी हात कोरडे ठणठणीत होते. मघाशी तिला इतकं बरं वाटत होतं! हात हलतोय, कुणीतरी कानाशी गुणगुणतंय, आणि आपल्याला काहीही ठरवायचं नाहीये, असं.

क्रेन चालवणाऱ्याला दिसतं सगळं, असं लोकांना वाटतं. एवढ्या उंचावर काचेच्या पेटीत बसलेली बाई, पायाखालीसुद्धा काच. पण निम्मं काम आंधळं असतं. इमारत वाढत जाते तसतशा भिंती मध्ये येतात, आणि ओझं भिंतीमागे उतरवायचं तर खाली उभ्या असलेल्या सिग्नलवाल्याचे डोळे आणि वरच्या बाईचे हात यांच्यामध्ये फक्त एक आवाज उरतो. म्हणून तो आवाज अखंड चालू ठेवायचा, हा नियम. ‘खाली’ एकदा म्हणून भागत नाही. ओझं खाली जातंय तोवर म्हणत राहायचं. आवाज थांबला की हात थांबला पाहिजे. सिग्नलवाला घसरला असेल, त्याला ठसका लागला असेल, त्याला पुढे काहीतरी दिसून वाचाच गेली असेल. कारण नंतर. आधी हात थांबला पाहिजे. शिकवणारे उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “दांडा हलवायला काय, माकडही शिकेल. पगार हलवण्याचा नाही मिळत, पोरी. थांबण्याचा मिळतो.” ते तिला डोळे मिटून बसवायचे, समोर ‘खाली, खाली’ म्हणत फिरायचे आणि मध्येच कुठेतरी गप्प व्हायचे. कधी वाक्याच्या टोकाला, कधी शब्दाच्या मध्यात, ‘खा’ एवढंच म्हणून. तिचा हात त्या ‘खा’वर थांबायचा. वर्गात सगळ्यांत आधी तिचा थांबायचा. “हिचे कान मनगटात आहेत,” उस्ताद म्हणायचे, आणि बाकीचे पुरुष हसायचे. त्या हसण्यात थोडी असूया असायची. ती तिला तेव्हा फार गोड लागली होती.

पगाराचं तर हसूच झालं होतं. त्याआधी ती एका शाळेच्या कचेरीत दाखले टंकायची. पहिला पगार खात्यात आला तेव्हा तिला वाटलं, दुसऱ्या कुणाचा तरी आपल्याकडे आला. आपण खर्च केला आणि मग मागायला आले तर? ती भल्या सकाळी कंपनीच्या कचेरीत जाऊन उभी राहिली, की चूक झाली आहे, परत घ्या. हिशेबनीस बाईंनी चष्म्यावरून बघितलं. “बाई, इथे लोक कमी आले म्हणून भांडायला येतात. तुमचं बरोबर आहे, जा.” घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा नवरा पोट धरून हसला आणि मग एकाएकी गप्प झाला. त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराहून ते जास्त होतं. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवतो. बारकं काम, डोळ्यांना ताण देणारं. पण तो कधी तिरकं बोलला नाही. “तुला लांबचं दिसतं,” एवढंच म्हणतो तो, “जवळचं मी बघतो.” चष्म्याच्या दुकानातल्या माणसाचा विनोद. पहिल्या वेळी ती हसली होती. नंतर नंतर तो विनोद तिला कुसळासारखा लागायला लागला. दिसत नाही, पण हात फिरवला की टोचतं. नणंद कॉलेजात शिकवते, मोठ्या पदव्या आहेत तिच्या, ती आली की हटकून म्हणते, “वहिनी, आमचं शिक्षण पाण्यात गेलं गं. नुसतं बसून दांडा हलवायचा आणि एवढा पगार? मलाही चिकटव की कुठेतरी.” त्यावर सासूबाई म्हणतात, “तू शिडी चढशील का आधी? आपल्या घराचे तीन मजले चढताना दोनदा टेकतेस.” सगळे हसतात. आणि ती हसताना बघत असते की ठकू कुणाच्या मांडीवर बसली आहे.

ठकू म्हणजे तिची मुलगी. वाण्याच्या दुकानात सगळे तिला चार वर्षांची म्हणतात, ती स्वतःला साडेचार म्हणवते. ती अंगावर पीत होती तेव्हाच क्रेनवरचं काम सुरू झालं होतं. पहिले कित्येक दिवस, खाली माणसं डबे उघडून बसायची त्या सुमाराला, वर केबिनमध्ये तिचा सदरा पुढून भिजायचा. ती चढायची तेव्हा अंधार असायचा, उतरायची तेव्हा दिवस सरलेला असायचा, मध्ये उतरायची सोय नाही. शिडीत वेळ जातो, आणि क्रेन थांबली की सगळं थांबतं. म्हणून पाणी बेतानं प्यायचं. बाकीचं बाटलीत. कुणाला सांगायच्या गोष्टी नाहीत या. पण त्या भिजलेल्या सदऱ्याची आठवण तिला लाजेची वाटत नाही. घड्याळात न बघता छाती सांगायची की आत्ता ती उठली, आत्ता रडते आहे. एवढ्या उंचावरून, एवढ्या वाऱ्यातून. आपल्या आत एक तार आहे आणि तिच्या टोकाला लेक आहे, हे तेव्हा पक्कं ठाऊक होतं. मग दूध आटलं. कोणत्या दिवशी, ते तिच्या लक्षातही आलं नाही. एकदा सदरा धुताना दिसलं, की बऱ्याच दिवसांत डाग नाही.

तेव्हापासून वर तिला सोबत म्हणजे पोपटाचा आवाज. त्याचं खरं नाव तिला माहीत असणार, कागदावर वाचलेलं, पण तोंडात पोपटच. हा माणूस दिवसभर बोलतो. बोलणं हेच त्याचं काम, आणि कामाचं नसलं तरी तो बोलतो. “ताई, आज वारा तिकडून आहे हं.” “ताई, आमच्या सासऱ्यांनी नवी कवळी बसवली, घोड्यासारखे हसतात.” त्याचा आवाज तिला नवऱ्याच्या आवाजापेक्षा जास्त ओळखीचा आहे, त्याला सर्दी व्हायची असली तर आदल्या दिवशी कळतं. पण चेहरा? वरून दिसते ती पिवळी टोपी. संध्याकाळी ती उतरेपर्यंत तो बस पकडायला निघून गेलेला असतो. साऱ्या जगात तिच्याशी सगळ्यांत जास्त बोलणारा माणूस एक पिवळा ठिपका आहे, आणि त्या ठिपक्याने आत्ता तिला शाबासकी दिली होती.

दुपारी जिना यायचा होता. तयार काँक्रीटचा जिना, अख्खा, पायऱ्यांसकट. तो इमारतीच्या पोटात, चारी बाजूंनी भिंती असलेल्या अरुंद पोकळीत उतरवायचा. आत तिघं जण उभे राहणार, जिना आला की हातांनी वळवून बसवायला. त्यांना बाजूला व्हायला जागा नसते. पाठ भिंतीला आणि तोंडासमोर उतरता जिना. वरून काही दिसत नाही. पोपट काठावर वाकून बोलणार, आणि ती हात हलवणार. आणि संध्याकाळी उतरल्यावर साहेबांच्या खोलीत जायचं होतं. पलीकडच्या पाण्याजवळ नवी इमारत होतेय, याच्या दुप्पट उंच. तिथल्या क्रेनवर साहेब तिलाच बसवणार होते. पगार ऐकून नवरा म्हणाला होता, “मग घराचं कर्ज ठकू पहिलीत जायच्या आत फिटेल गं.” आणि मग, काच पुसतो तसं बोटांनी टेबल पुसत, “तुला झेपेल ना?” तिने झेपेल म्हटलं होतं. साहेबांना आज हो सांगायचं होतं.

डब्याच्या सुटीत तिने घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला. “जेवलीस का? जेव आधी. ही बघ फोन ओढतेय, धर.” मग ठकूचा श्वास, अगदी जवळ, तोंड फोनला चिकटवलेलं. ठकूने एका मुंगीची गोष्ट सुरू केली. मुंगी खिडकीत राहत होती, तिला एक भाऊ होता, भावाला ताप आला होता. ती ऐकत होती. हं, म्हणत होती. हं. खाली जमिनीवर ट्रकमधला जिना दिसत होता, आडवा, राखाडी, कुणाच्या तरी घरातून उचलून आणल्यासारखा. हं. तिघं जण कोण असतील आज? एक तरी तो नवीन, ज्याचं परवा लग्न ठरलं म्हणून पोपट सांगत होता. हं.

“आई, मग मुंगीने काय केलं?”

“अं?”

“आत्ता सांगितलं मी. सांग, काय केलं?”

“तिने… भावाला औषध दिलं.”

“नाहीच! तो मेला. कधीच मेला तो.” मग फोनपासून दूर, तक्रारीच्या सुरात, “आजी, आई नुसतं हं हं करते.” मग परत जवळ येऊन, एकदम मऊ, गुपित सांगावं तसं, “आई, सकाळी ना, मी झोपले नव्हते.”

“झोपली होतीस की. मी थोपटून गेले तुला.”

“मी नुसती गप्प झाले. मी गप्प झाले ना, की तू छान थोपटतेस. खूप वेळ. बोलत असले की नाही थोपटत नीट.”

फोन ठेवल्यावर ती डब्याकडे बघत बसली. रोज पहाटे ती निघायच्या वेळी ठकूला जाग येते. मग अंधारातच तिच्या पाठीवर हात, आणि ठकूची बडबड. बडबड विरळ होते, शब्द तुटायला लागतात, एखादा अर्धाच राहतो, आणि थांबते. पण आवाज थांबला की हात थांबवायचा नसतो. तिथेच तर खरी मेख असते. लगेच थांबवला तर डोळे टक्क उघडतात. आवाज थांबल्यावरच हात चालू ठेवायचा, त्याच लयीत, जणू काही बदललंच नाही. मन पुढे शिडीवर पोचलेलं असलं तरी हाताने मागे राहायचं. ती त्यात इतकी तरबेज झाली होती की अलीकडे हात तिला न विचारताच थोपटायचा. ती त्या वेळी डोळे मिटून पेंगतसुद्धा असे. उजवा हात. तिने तो काचेपुढे धरून बघितला. पहाटे ह्याच हाताने, आवाज थांबला तरी चालू राहायचं. आणि दोन तासांनी इथे बसून, आवाज थांबला की थांबायचं. बिचाऱ्याने किती दिवस हे दोन्ही वेगवेगळं सांभाळलं होतं, आणि तिने एकदाही त्याची विचारपूस केली नव्हती. पगार वाढला तेव्हा नवऱ्याने अंगठी घेऊन दिली तीसुद्धा डाव्या हातात.

हसू आलं तिला. मग ते गेलं. भारा तेव्हा जमिनीपासून दोन पुरुष तरी वर होता, कुणाला काही झालं नाही. हे रोज थोडंच होणार आहे? आता कळलं आहे, तर आता ती लक्ष ठेवील. पण लक्ष ती तेव्हाही ठेवतच होती. तिला स्वच्छ ऐकू येत होतं. हेच तर होतं. नसलेला आवाज तिला स्वच्छ, ओढलेल्या ‘ली’सकट ऐकू येत होता. एवढे दिवस तिला वाटायचं की ती दमली की तिला कळेल. पाय ओढतील, डोळे मिटतील. दमणं असं सुखासारखं येतं हे कुणी सांगितलं नव्हतं. उस्तादांनीही नाही. तिला एकाएकी कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, आणि तिच्या लक्षात आलं की बोलायला हातात आहे ती फक्त वॉकीटॉकी. तिच्यातून बोललं की इमारतीवरच्या प्रत्येक मजल्यावर ऐकू जातं. साहेबांच्या टेबलावरही एक असते.

“ताई, झालं का जेवण?” पोपट म्हणाला. “जिना बांधलाय. पोरं आत उतरली. नवरदेवही आहे, सांभाळून. त्याला घोड्यावर बसायचंय, जिन्याखाली नाही.” आतून कुणीतरी हसलं, ते पोकळीत घुमलं आणि त्याच्या आवाजामागून तिच्यापर्यंत आलं. “घे वर. वर, वर, वर…”

तिचा हात दांड्याकडे गेला आणि दांड्याच्या अलीकडे थांबला. खाली तार सैलच होती.

“वर, वर… ताई? ऐकू येतंय का?”

“येतंय. पोपटभाऊ, पोरांना बाहेर काढ.”

“का गं? वारा आहे?”

“सकाळी तुझी बॅटरी हलली ना, तेव्हा मी थांबले नव्हते. आवाज नव्हता आणि माझा हात चालू होता. नंतर थांबले. आकडा बघून.”

वॉकीटॉकीची ती पोकळ, खसखसणारी शांतता. तिला वाटलं, हिच्यातसुद्धा आता काही ऐकू येईल. आलं नाही.

“अगं पण टेकलं ना नीट,” पोपट हळूच म्हणाला. सगळ्यांना ऐकू जातंय हे विसरून तो कुजबुजत होता. “कुणाला कळलंही नसतं, ताई.”

“हो ना,” ती म्हणाली. “तेच.”

मग साहेबांचा आवाज आला. कोरडा, रागावलेला नाही. “क्रेन बंद करा. सावकाश उतरा. पोपट, पोरं बाहेर.”

भरदिवसा ती कधीच उतरली नव्हती. शिडीच्या दांड्या उन्हाने तापल्या होत्या. प्रत्येक मजल्यावर हातातलं काम टाकून माणसं बघत होती आणि ती जवळ आली की भिंतीकडे तोंड करत होती. खाली एक माणूस टोपी काढून उभा होता. कानामागे पिकलेले केस, पुढचा एक दात अर्धा, डोळे ओलसर. तिने नमस्कार करून पुढे जायला पाऊल उचललं आणि तो म्हणाला, “पाणी घे, ताई,” तेव्हा ती जागीच थांबली. एवढा लहानखुरा? तिच्या वडिलांच्या वयाचा? “रागावू नकोस हं,” तो म्हणाला, “पण मला वाईट वाटलं. माझा आवाज नसला तरी तुला चालतं म्हणजे.” तो हसण्याचा प्रयत्न करत होता. ती पाणी प्यायली. घटाघटा, आता बेताची गरज नव्हती. “भाऊ, तुझा आवाज नव्हता तेव्हाही मला तोच ऐकू येत होता,” ती म्हणाली, आणि त्याने मान खाली घालून टोपी परत घातली.

साहेबांनी खुर्ची पुढे केली. आठ-दहा दिवस घरी बसायचं, मग परत परीक्षा, कानांची आणि हातांची. या क्रेनवर तोवर दुसरा. “आणि नवीन काम?” तिने विचारलं. साहेब पेनाचं टोपण काढत-लावत राहिले. “तुम्ही हे माझ्या खोलीत येऊन सांगितलं असतं, तर मी काहीतरी केलं असतं. सगळ्यांनी ऐकलंय आता.” पोरं तर तेव्हा आत होती, असं तिच्या मनात आलं, पण साहेबांनाही ते माहीत होतं. “बघू,” ते म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे तिला बसमध्ये बसल्यावर कळलं. पैसे गेले, हे वाक्य तिने मनातल्या मनात म्हणून बघितलं. घर, हप्ता, नवऱ्याचं टेबल पुसणारं बोट. नुकसान खरं होतं, ते कुठल्याही शहाण्या विचाराने कमी होत नव्हतं. आणि परीक्षा पास झाले तर परत चढायचं आहे का मला? तिने स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट बघत खिडकीबाहेर पाहत राहिली. बसमधून सगळं किती जवळून जात होतं. एका बाईच्या पिशवीची शिवण उसवलेली होती. तिला वरून पिशव्या दिसतात, शिवण दिसत नाही. पण वरचा वारा, पहाटे सगळं शहर पायाखाली उजळायला लागतं ते, तेही तिचंच होतं. उत्तर आलं नाही.

दार सासूबाईंनी उघडलं आणि त्यांचा हात तोंडावर गेला. “अगं बाई, पडलीस का कुठे?”

“नाही. आत्ताच उतरले.”

त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं, हात-पाय जागेवर आहेत ना बघितलं, आणि काहीतरी उमजून म्हणाल्या, “बरं केलंस. ही बघ, झोपायचं नाव नाही घेत. तू बघ तिच्याकडे, मी चहा टाकते.”

ठकू पडद्याआडून आलेल्या पिवळ्या उजेडात पालथी पडली होती. आईला बघून तिला काही नवल वाटलं नाही. ती सरकली आणि जागा केली. “मेलेला भाऊ परत आला,” तिने सांगितलं, “पण आता तो मुंगळा आहे.” ती बाजूला आडवी झाली. कामाचे कपडे, केसांत सिमेंटची धूळ. ठकूच्या पाठीवर हात ठेवला. ह्या वेळी तिने मुंगळ्याची सगळी हकिकत ऐकली. तो कुठे गेला होता, तिथे त्याला कोण भेटलं, त्याने घरी काय आणलं. बोलणं विरळ झालं. शब्द तुटायला लागले. “मग मुंगी म्हणाली की तू…” आणि आवाज थांबला.

तिचा हात थांबला.

तिने ठरवलं नव्हतं. हात आपण होऊन ठकूच्या पाठीच्या वर, बोटभर अंतरावर अधांतरी राहिला होता, तारेवरच्या ओझ्यासारखा. ती त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे शिकलास परत. आणि शिकलास तो इथे! स्वयंपाकघरात कपबशी वाजली. ठकूने एक डोळा उघडला.

“थांबलीस का?”

“तुझा आवाज थांबला म्हणून.”

“मग काय झालं?” ठकू जड जिभेने म्हणाली. “मी आहे की इथेच.” आणि तो डोळाही मिटला.

पुढचं वाक्य आलं नाही. खोलीत आता खरंच काही ऐकू येत नव्हतं. तिने कान देऊन बघितलं, नव्हतंच. मग त्या शांततेतच तिने हात खाली आणला. खाली, खाली, हळू, हळू. टेकला.